पेटी क्रमांक सतरा

राज्य नवं झालं त्या वर्षी मी एका सरकारी फायलीवर सात महिने डाळ शिजवली.

शिजवली म्हणजे बायकोने शिजवली. पण ती फाइल घरी नेण्याचं आणि 'पेटी रिकामी आहे' असं सहीनिशी लिहून देण्याचं काम माझं. श्रेय ज्याचं त्याला द्यावं.

हे आत्ता आठवायचं कारण आमच्या ओट्यावर बसलं आहे. पांढरं, गुबगुबीत, काचेच्या झाकणाचं. आमची मुलगी जुई पुण्याहून येताना घेऊन आली. स्लो कुकर म्हणतात. जुईला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. ती म्हणाली, "बाबा, सुबह सब डाल दो, लो पे रखो, दोपहर को खाना तैयार. सस्ता भी, टेस्टी भी. बस, बीच में खोलना मत."

'बीच में खोलना मत' ऐकल्यावर माझ्या बायकोने, कुंदाने, माझ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत तिची ही नजर अजिबात जुनी झालेली नाही.

आता आम्ही नव्या रायपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. इथले रस्ते इतके रुंद आहेत की आमची फोडणी समोरच्या घरापर्यंत पोचता पोचता अर्ध्यात दमते. तेव्हा आम्ही पुरानी बस्तीत राहत होतो. एक खोली, एक पडवी, आणि गल्ली एवढी अरुंद की शेजारच्यांनी लसूण ठेचला की आमच्या तोंडाला पाणी. सकाळी देवळातली घंटा, मग नळाला पाणी आल्याची बायकांची हाकाटी, मग कुणाच्या तरी रेडिओवरच्या बातम्या. त्या बातम्यांत 'राजधानी रायपूर' असं म्हटलं की मी दाढी करता करता थांबायचो. आरशात बघायचो. राजधानीत राहणारा माणूस कसा दिसतो ते.

मी मूळचा वर्धेकडचा, नोकरी भोपाळला. राज्याचे दोन भाग झाले, त्यात माणसांच्याही याद्या झाल्या आणि माझं नाव इकडच्या यादीत आलं. ट्रकभर संसार आणला. आल्यावर कळलं की गॅसचं कार्ड भोपाळात अडकलंय, रेशनचंही. इथल्या गॅसवाल्याला भोपाळचा कागद पाहिजे, भोपाळवाल्याला इथला. मी स्वतः सरकारी बाबू, त्यामुळे मला यात काही गैर वाटलं नाही. कुंदाला वाटलं. तिला सकाळच्या शाळेत शिकवायची नोकरी लागली होती. साडेसहाला घर सोडायचं, आणि स्वयंपाकाला एक रॉकेलचा स्टोव्ह, ज्याला रॉकेल मिळालं तर पिन मिळत नव्हती. पहिला महिना आम्ही पोहे खाऊन काढला. सकाळी पोहे, दुपारी पोहे. चौथ्या आठवड्यात कुंदा म्हणाली, "मले एक पेटी आणून द्या. लाकडाची. झाकणवाली."

"पेटी काहून?"

"तुमाले काय करायचं? आणून द्या."

पेटी मागायला ती योग्य माणसाकडे आली होती. आमच्या ऑफिसात तेव्हा पेट्यांखेरीज काहीही नव्हतं. जुनी, उंच छताची इमारत, नव्या चुन्याचा वास, बाहेर रंगवून ओली असलेली पाटी. टेबलं यायची होती, खुर्च्या यायच्या होत्या, आल्या होत्या फक्त भोपाळहून फायली. ट्रकच्या ट्रक. प्रत्येक पेटीवर काळ्या रंगात ठोकलेला नंबर आणि 'इस ओर ऊपर'. आम्ही त्याच पेट्यांवर बसायचो, त्याच पेट्यांवर लिहायचो, आणि दुपारी त्याच पेट्यांवर पेपर पसरून जेवायचो. नवं राज्य कसं उभं राहतं असं मला कुणी विचारलं तर मी सांगतो, पाठ दुखत उभं राहतं. पण खोटं कशाला बोलू, त्या पेटीवर बसून पहिल्यांदा 'छत्तीसगढ शासन' असं लिहिलं तेव्हा माझा हात एरवीपेक्षा सावकाश चालला होता. अक्षर वळणदार आलं होतं.

फायली रॅकवर लावून झाल्या आणि साहेबांनी सांगितलं, पेट्या तपासून घ्या, रिकाम्या असल्याची नोंद करा, आणि ज्याला हव्या त्याने न्या, कॉरिडॉर मोकळा करा. तपासायचं काम माझ्याकडे. मी कॉरिडॉरच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलो, प्रत्येक पेटीत डोकावलो आणि रजिस्टरमध्ये लिहिलं. सतरा नंबरची पेटी सगळ्यांत धड होती. तिच्यापुढे मी लिहिलं, 'रिक्त. स्वयं जाँची.' खाली सही. आणि ती सायकलरिक्षात घालून घरी आणली.

घरी आणल्यावर कुंदाने आत हात घातला. तळाला जाड खाकी कागद चिकटवलेला होता, एका कोपऱ्यात थोडा फुगलेला.

"हा खालचा कागद काढू का?"

"राहू दे," मी म्हणालो. "ऊब धरते."

या तीन शब्दांचा मी पुढे फार विचार केला आहे.

धामणगावला कुंदाच्या माहेरी ज्वारीच्या घुगऱ्यांना एक उकळी आली की पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवत. चुलीवरून उतरलेलं पातेलं आपल्याच उबेने शिजत राहतं, एवढंच ते शास्त्र. इथे तिने गोधडीच्या जागी पैरा वापरला. पैरा म्हणजे भाताचं वाळलेलं तणस. धानाच्या मुलखात डिसेंबरात त्याला काय तोटा? एका बैलगाडीवाल्याने दोन पेंढ्या तशाच दिल्या. तिने पेटीच्या तळाला तो दाबून दाबून भरला, मधे पातेल्याच्या मापाचं घरटं केलं आणि वरून झाकायला पोत्याची उशी शिवली, तीही पैऱ्याचीच. सकाळी स्टोव्हवर डाळीला खळखळून दहा मिनिटं उकळी, झाकण घट्ट, जुन्या धोतरात गुंडाळी, घरट्यात पातेलं, वर उशी, पेटीचं झाकण, झाकणावर पाटा. मग आम्ही दोघं घराला कुलूप लावून जायचो, आणि घरात कुणी नसताना, विस्तव नसताना, डाळ शिजायची.

पहिल्या दिवशी दुपारी तिने ती उशी उचलली तेव्हाचा वास मला आजही जसाच्या तसा येतो. आधी पैऱ्याचा, उन्हात तापलेल्या खळ्यासारखा. त्याच्या मागून लसूण. मग अगदी शेवटी, खालून, डाळीचा स्वतःचा गोडसर वास, जो कुकरच्या शिट्टीतून उडून जातो आणि आपल्या वाट्याला कधी येतच नाही. डाळीचा दाणा अख्खा दिसत होता आणि जिभेवर ठेवला की नव्हता.

मग ऋतूंप्रमाणे पेटीचं पान बदलू लागलं. थंडीत डाळभाजी, चण्याची डाळ, पालक आणि मूठभर शेंगदाणे. संक्रांतीनंतर काळे चणे. गिरणीत तांदळाची चुरी, कनकी म्हणतात तिला, जवळजवळ फुकट मिळायची. तिची मूग घालून खिचडी. उन्हाळ्यात चिंच-गुळाचं पातळ वरण, कारण झणझणीत खायची छाती कुणालाच नव्हती. पावसाळ्याच्या तोंडावर अंबाडी आली, तर कुंदाने आपल्याकडच्या कण्यांऐवजी हीच कनकी घालून भाजी केली. धामणगाव आणि रायपूर एका पातेल्यात. मला ती फार थोर गोष्ट वाटली. मी तसं बोललो तर ती म्हणाली, "गप जेवा, मीठ कमी आहे का तेवढं सांगा."

पेटीचा एकच नियम होता. एकदा झाकण पडलं की वेळेआधी उघडायचं नाही. मी दुसऱ्या आठवड्यात 'नुसतं बघायला' उघडलं होतं, आणि त्या दिवशी आम्ही दोघांनी डाळ चावून खाल्ली. तेव्हापासून पाटा झाकणावर आला. तो डाळीसाठी नव्हता, माझ्यासाठी होता.

आता बिसाहूचं सांगतो. बिसाहू आमच्या सेक्शनचा चपराशी. आरंगकडचा, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठा, अंगाने काटक, बोलायला कमी. रोजंदारीवर होता. अकरा वर्षं रोजंदारीवर. त्याला पक्कं करायचा प्रस्ताव राज्य एक असतानाच भोपाळला गेला होता, आणि तो मंजुरीच्या उंबरठ्यावर असताना राज्याचे दोन भाग झाले. "फाइल आ जाही," बिसाहू म्हणायचा. येईल फाइल. ट्रक आला की हा आधी खाली. पेट्या उतरवताना त्याच्याइतक्या जपून कुणी उतरवत नसे. घरी बायकोने त्याला सांगून ठेवलं होतं, या साली पक्का झाला नाहीस तर गावी परत चल, दुसऱ्याच्या शेतात का होईना, एका ठिकाणी तरी राहू.

आमच्या सेक्शनमधल्या बहुतेकांची बायकापोरं अजून भोपाळलाच होती. माझ्या डब्यातली डाळ एकाने चाखली, मग दुसऱ्याने, मग कुंदाने पातेलंच मोठं केलं. डाळ-तांदूळ सगळे आळीपाळीने आणत. एक वाजता बिसाहू सायकल काढायचा, पुरानी बस्तीतून पातेलं धोतरात, धोतर पोत्यात, पोतं कॅरियरला बांधून आणायचा. फाटकातून आत आला की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात यायचे. दुसऱ्या खात्यांतले साहेबलोक 'जरा एक कागद बघायचा होता' म्हणून आमच्याकडे नेमके दीडला यायला लागले. राजधानीत तेव्हा कुणाकडे काय होतं? आमच्या सेक्शनकडे डाळ होती. मी त्या दिवसांत चालायचोही जरा छाती काढूनच.

रोज जाऊन येऊन बिसाहू कुंदाशी मराठी बोलायला शिकला. तिला दीदी म्हणायचा. पातेलं रिकामं करून परत न्यायचा तेव्हा पैरा विस्कटला असेल तर स्वतः नीट करायचा. शेतकऱ्याचा हात. घरटं त्याच्यासारखं मला कधी जमलं नाही.

फाइल मात्र येईना. सगळे ट्रक येऊन गेले, बाकी फायली आल्या, ही नाही. भोपाळला पत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी लिहिली. पहिलं साधं. दुसरं जरा कडक. तिसरं असं लिहिलं की सेक्शनमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. 'खेद का विषय है' पासून सुरुवात, मधे 'एक गरीब कर्मचारी का भविष्य', शेवटी 'आपके कार्यालय की घोर लापरवाही'. बिसाहूने दोन्ही हात जोडले. "बाबूजी, तुम्ही माझ्यासाठी एवढं लिहिलं." मी हात वर करून म्हणालो, अरे, काय त्यात. आणि त्याने आणलेली डाळ दोनदा वाढून घेतली.

जुलै आला. पाऊस लागला. सोमवारी समिती बसणार होती, रोजंदारीवाल्यांची शेवटची यादी. ज्याचे कागद समोर, त्याचाच विचार. बिसाहू त्या आठवड्यात जेवला नाही. पातेलं आणायचा, वाढायचा, आणि खिडकीशी उभा राहायचा.

शुक्रवारी दुपारी, आम्ही जेवत असताना, भोपाळचं उत्तर आलं. मी डाव्या हाताने पाकीट फोडलं आणि थाटात मोठ्याने वाचायला लागलो. 'विषयांकित नस्ती पेटी क्रमांक सत्रह में भेजी जा चुकी है.' इथपर्यंत आवाज चांगला होता. 'उक्त पेटी आपके यहाँ रिक्त पाई जाकर स्वयं जाँची गई है, जिसकी पावती संलग्न.' खाली आमच्याच ऑफिसने भोपाळला पाठवलेली माझ्या रजिस्टरची नक्कल. माझीच सही. वळणदार.

घास तोंडात होता. तो गिळला की नाही ते आठवत नाही. सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे. कारण सतरा नंबरची पेटी कुठे आहे हे त्या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं. प्रत्येकाने तिच्यातलं खाल्लं होतं.

बिसाहूने रिकामं पातेलं पोत्यात घातलं आणि तो खाली गेला. मी मागून गेलो. पाऊस भुरभुरत होता. तो सायकलवर बसला, मी कॅरियरवर, पातेलं माझ्या मांडीवर. अख्खा रस्ता मी त्याच्या पाठीकडे बघत होतो. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तो फक्त पायडल मारत राहिला, आणि खड्डा आला की मला लागू नये म्हणून सावकाश घेत राहिला.

घरी कुंदाने नुकतंच संध्याकाळचं पातेलं पेटीत ठेवलं होतं. मी पाटा उचलायला वाकलो तर ती ओरडली, "काय करून राहिले तुमी? सहापर्यंत हात लावायचा नाही."

"कुंदा, खाली फाइल आहे."

"कोणाची?"

मी मागे पाहिलं. बिसाहू दारात, ओला, चपला हातात घेऊन.

पुढचं काही मी केलं नाही. कुंदानेच पाटा ढकलला, उशी फेकली, अर्धकच्ची डाळ उचलून जमिनीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी पैरा उपसायला लागली. खोलीभर तणस उडालं, तिच्या केसांत, देवांवर, ओल्या बिसाहूच्या अंगाला चिकटलं. तळाचा खाकी कागद तिने नखाने फाडला. आणि त्या फुगलेल्या कोपऱ्यातून, जो काढू का म्हणून तिने मला विचारलं होतं, फाइल निघाली.

कोमट होती. गोधडीतून उठलेल्या मुलाच्या पाठीसारखी कोमट. वरच्या पुठ्ठ्यावर एक पिवळं वर्तुळ, कधीतरी उतू गेलेल्या वरणाचं. आतली पानं कोरडी खणखणीत. बिसाहूला वाचता येत होतं. त्याने आपल्या नावावरून बोट फिरवलं, मग फाइल नाकाशी नेली. आणि पहिल्यांदा बोलला, आपल्या बोलीत, स्वतःशीच. "अपन फाइल के ऊपर के दार ला मैंच खावत रहेंव." आपल्याच फायलीवरची डाळ मीच खात होतो.

मग तो हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत. कुंदा भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होती, आणि मी मधोमध उभा, हातात पातेलं.

ऑफिसात साहेबांनी फाइल उघडली, हुंगली, बंद केली. "ये कहाँ थी?"

"सर, सुरक्षित स्थान पर."

त्यांनी वर्तुळावर बोट ठेवलं. "स्पष्टीकरण आप लिखेंगे. दाल मैंने भी खाई है, इसलिए सज़ा सोच नहीं पा रहा."

मी सगळं खरं लिहिलं, कनकीपासून पाट्यापर्यंत, पाच पानं. लेखी ताकीद मिळाली. ती माझ्या सेवापुस्तिकेत अजून आहे. सोमवारी फाइल समितीपुढे गेली. मला नंतर कळलं की ती टेबलावर ठेवल्यावर चर्चा जरा लवकर आटोपली, कारण सगळ्यांना भूक लागली. बिसाहू पक्का झाला. हुकूम हातात आल्यावर त्याने तो घडी करून खिशात नाही ठेवला, उघडाच धरून जिना उतरला.

एक गोष्ट मी अभिमानाने सांगत असतो. त्या पावसाळ्यात आमच्या रेकॉर्डरूमचं छत गळलं, रॅकवरच्या खालच्या फायलींना वाळवी लागली. ही एकच डाळीखाली होती, म्हणून कोरडी राहिली. लग्नकार्यात, सहलीत, निरोप-समारंभात मी हे कितीदा सांगितलं असेल. आणि दर वेळी कुंदा शांतपणे म्हणते, "रॅकवर असती तर डिसेंबरातच सापडली असती."

पुढे गॅसचं कार्ड आलं. टेबलं आली, खुर्च्या आल्या, एकेकाची बायकापोरं भोपाळहून आली आणि प्रत्येकाचा डबा वेगळा झाला. डाळ मोठ्या पातेल्यातून छोट्यात गेली. पेटी कुंदाने बिसाहूला देऊन टाकली. म्हणाली, तुझंच सामान होतं तिच्यात. ऑफिस नव्या रायपुरात गेलं, तिथे जेवायला कॅंटीन आहे, सगळं चकाचक आहे, आणि कॉरिडॉर इतका मोकळा की तिथून चालताना मला अजून कुठेतरी गुडघा ठेचेल असं वाटतं.

तर स्लो कुकर. जुई म्हणाली, कुणाला तरी जेवायला बोलवा. मी म्हटलं, बिसाहू. तो निवृत्त होऊन रायपुरातच राहतो. रविवारी सकाळी मी कुणाला हात लावू दिला नाही. चण्याची डाळ, पालक, शेंगदाणे, सगळं मीच मापाने घातलं, बटण 'लो'वर फिरवलं, आणि बिसाहूला फोन केला. साडेबाराला ये, मशीन लावलंय, काळजी करू नको, मी स्वतः तपासलंय.

सहा तास मी झाकण उघडलं नाही. माझ्या आयुष्यातला विक्रम. एक वाजायला आला तेव्हा सगळ्यांना बोलावून थाटात काच उचलली. पालक गार पाण्यावर तरंगत होता. तळाला डाळ, सकाळी घातली होती तशी, एकेक दाणा वेगळा.

जुईने भिंतीकडे पाहिलं. "बाबा. स्विच."

कुंदाने माझ्याकडे पाहिलं, तीच नजर. तेवढ्यात बेल वाजली.

दारात बिसाहू. केस पांढरे, अंग तसंच काटक. दोन्ही हातांत पोत्याचं गाठोडं, छातीशी धरलेलं. आत येऊन त्याने ते टेबलावर ठेवलं, गाठ सोडली, पोत्यातून गोधडी, गोधडीतून पातेलं. झाकण उचललं आणि आधी पैऱ्याचा वास आला, मग लसणाचा. जुई वाकून बघत राहिली.

"अगा बिसाहू," कुंदा म्हणाली, "तुले जेवाले बोलावलं ना आमी? हे काहून आणलं?"

बिसाहूने चपला काढून भिंतीशी नीट लावल्या.

"हव दीदी," तो म्हणाला. "पण बाबूजी फोनवर म्हणे, मी स्वतः तपासलंय. म्हणून घरून डाळ घेऊन आलो."